स्मार्टवॉचची बॅटरी: ब्लूटूथ, वाय-फाय, एलटीई यांपैकी काय चालू ठेवावं?

जास्वंद

नमस्कार मंडळी. घड्याळ वेअर ओएसचं (गुगलची घड्याळासाठीची प्रणाली) आहे, ४४ मिमी, एलटीई मॉडेल (म्हणजे घड्याळाला स्वतःचं मोबाइल नेटवर्क), बॅटरी ३६० एमएएच (मिलीअँपिअर-तास). फोन अँड्रॉइड. खोक्यावर ४० तास लिहिलंय. सकाळी सहाला १०० टक्के असतं आणि रात्री नऊपर्यंत १५-२० टक्क्यांवर येतं. ऑलवेज-ऑन डिस्प्ले बंद आहे, ब्राइटनेस मध्यम, व्यायामाचं ट्रॅकिंग रोज अर्धा तास, तेही जीपीएसशिवाय.

सध्याची सेटिंग्ज अशी: ब्लूटूथ चालू, वाय-फाय बंद (बॅटरी वाचावी म्हणून), मोबाइल नेटवर्क ऑटो, एनएफसी (टेकवून पैसे देण्याची सोय) चालू, लोकेशन चालू. कोडं असं की ऑफिसात, फोन टेबलावर शेजारी असताना, बॅटरी बऱ्यापैकी टिकते. घरी असताना जास्त वेगाने उतरते, आणि घरी तर मी घड्याळाला हातही लावत नाही. फोन हॉलमध्ये चार्जिंगला असतो, मी बहुतेक वेळ स्वयंपाकघरात किंवा आतल्या खोलीत.

यातलं काय बंद करू? ब्लूटूथच बंद करून बघू का?

---

मिलीअँपिअर

ब्लूटूथ बंद करू नका. दुखणं तिथे नाही, पण तिथून सुरू होतंय.

आधी हिशोब. ३६० एमएएच ४० तास पुरवायचे तर सरासरी खर्च ९ मिलीअँपिअर असायला हवा. तुमचे १५ तासांत ८० ते ८५ टक्के जातात, म्हणजे साधारण ३०० एमएएच. सरासरी झाली २० मिलीअँपिअर. ११ जास्तीचे. हे ११ शोधायचे आहेत, आणि एवढा खर्च नुसत्या जोडलेल्या ब्लूटूथचा कधीच नसतो.

तुमच्या घड्याळात फोनशी बोलायच्या तीन वाटा आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. ब्लूटूथवर फोन सापडला तर सगळं त्याच्यामार्फत. तो सुटला की ओळखीचं वाय-फाय. तेही नसेल तर एलटीई. 'ऑटो'चा अर्थ एवढाच: वरची वाट मिळाली की खालचा रेडिओ झोपतो. तुम्ही मधली वाट बंद करून ठेवली आहे. त्यामुळे हॉलमधला फोन दोन भिंतींआड गेला, ब्लूटूथ तुटलं, की घड्याळ थेट एलटीईवर उडी मारतं. वाय-फाय बंद केल्याने बॅटरी वाचत नाही, उलट घड्याळ सगळ्यात महागड्या वाटेवर जातं. ऑफिसात फोन शेजारी असतो म्हणून हा प्रश्न तिथे येत नाही.

महागडी किती? घड्याळातला ब्लूटूथ लो एनर्जी रेडिओ बोलताना साधारण १ मिलीवॉटच्या आसपास शक्ती हवेत सोडतो. एलटीई मोडेम सिग्नल कमकुवत असेल तर २०० मिलीवॉटपर्यंत जातो, आणि २०० मिलीवॉट बाहेर टाकायला अँप्लिफायर त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज खातो. वाय-फाय या दोघांच्या मधे. शिवाय मनगटावरचा अँटेना इवलासा, खाली हाडामांसाचा हात. टॉवरपर्यंत पोचायला घड्याळाला फोनपेक्षा जास्त जोर लावावा लागतो.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती 'शेपटी'ची. एलटीईवर एक छोटासा मेसेज आला तरी मोडेम लगेच झोपत नाही. नेटवर्क त्याला आणखी काही सेकंद जागं ठेवतं, बऱ्याच ठिकाणी १० सेकंदांच्या आसपास, आणखी काही येईल या अपेक्षेने. समजा दर दोन मिनिटांनी एक मेसेज येतो. तासाला ३० मेसेज, प्रत्येकी १० सेकंद: तासातली ५ मिनिटं मोडेम पूर्ण जागा. तेवढ्या वेळात त्याने सरासरी १२० मिलीअँपिअर ओढले असं धरलं, तर तासभराची सरासरी निघते १० मिलीअँपिअर. तुमचे हरवलेले ११ बहुतेक इथेच आहेत. सोसायटीचा आणि शाळेचा ग्रुप सकाळी जागा झाला की तासाला ३० मेसेज ही काही मोठी गोष्ट नाही.

मेसेज नसले तरी घड्याळाच्या चेहऱ्यावर हवामानाचा चौकोन असेल आणि तो दर १५ मिनिटांनी ताजा होत असेल तर दिवसाला ९६ वेळा. फोन जवळ असताना हे ब्लूटूथवरून होतं आणि जाणवतही नाही. एलटीईवर तेच ९६ गुणिले १० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं मोडेम जागा, फक्त पाऊस येणार का हे बघायला.

तर आता करायचं काय:

वाय-फाय पुन्हा 'ऑटो' करा. 'नेहमी चालू' नको; तसं केलं तर ब्लूटूथ जोडलेलं असतानाही वाय-फाय जागं राहतं. घरचं नेटवर्क घड्याळात एकदा जोडून पासवर्ड सेव्ह करा. राउटर दोन नावांनी दिसत असेल तर २.४ गिगाहर्ट्झवालं निवडा. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे लवकर मरतं आणि सिग्नल कमी झाला की पुन्हा प्रयत्न, पुन्हा वेग कमी, हे चक्र सुरू होतं.

मोबाइल नेटवर्क घरी असताना सरळ बंद. फोन घरी ठेवून बाहेर पडाल तेव्हाच चालू करा. क्विक पॅनलमध्ये त्याचं बटण वर आणून ठेवा, म्हणजे दोन सेकंदांचं काम.

फोनमध्ये घड्याळाच्या सोबतीचं अ‍ॅप (ज्यातून जोडणी केली ते) शोधा, त्याच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनिर्बंध' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स' करा. फोनने बॅटरी वाचवायला ते अ‍ॅप मागून बंद केलं की फोन खिशात असूनही घड्याळाला तो दिसेनासा होतो, आणि मग पुन्हा तीच साखळी.

एनएफसीला हात लावू नका, त्याने काही वाचत नाही. पैसे देण्यासाठी टेकवेपर्यंत तो निपचित असतो. लोकेशनचंही तसंच: कुठलं अ‍ॅप मागत नसेल तर जीपीएस चालत नाही.

---

कडक_चहा

माझं मत वेगळं. ब्लूटूथ दिवसभर बंद ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं चालू करून सिंक करायचं. पावलं आणि झोप घड्याळात साठतेच. रेडिओच बंद तर बॅटरी खाणार कोण?

---

मिलीअँपिअर

साध्या फिटनेस बँडला हे चालतं. त्यात फक्त ब्लूटूथ असतं, वाय-फाय-एलटीई नाही, ते बंद झालं की खरोखर सगळं शांत. जास्वंद यांच्या घड्याळात ब्लूटूथ बंद म्हणजे 'फोन हरवला' असा अर्थ होतो आणि वाय-फाय किंवा एलटीई उठून बसतं. ते दोन्हीही बंद केले तरच तुमची युक्ती लागू पडेल, पण मग मेसेज नाही, कॉल नाही.

आणि बँडवरही फायदा वाटतो त्यापेक्षा कमी. जोडलेलं ब्लूटूथ सतत बोलत नसतं. फोन आणि घड्याळ भेटीची वेळ ठरवतात, मानकानुसार ७.५ मिलिसेकंदांपासून ४ सेकंदांपर्यंत कितीही. काही पाठवायचं नसेल तर घड्याळाला मधल्या बऱ्याच भेटी चुकवायची परवानगीही असते. प्रत्येक भेट काही मिलिसेकंदांची, बाकीचा वेळ रेडिओ बंद. जोडणी टिकवणं स्वस्त आहे, तुटलेली जोडणी परत मिळवणं महाग: शोधा, हाक मारा, कूटभाषेची चावी जुळवा, कुठल्या सेवा आहेत ते विचारा, साठलेला डेटा एकदम ढकला. दिवसातून दोनदा हे झालं तर काही बिघडत नाही. फोन पल्ल्याच्या काठावर असला की हेच तासात वीस वेळा होतं.

---

सांजवेळ

आयफोन-ॲपल वॉचवाल्यांसाठी याच मुद्द्याला दुजोरा. बॅटरीविषयीच्या सूचनांमध्ये ॲपल स्वतः सांगतं की आयफोनचं ब्लूटूथ बंद केलं तर घड्याळाची बॅटरी जास्त उतरते, म्हणून ते चालू ठेवा.

एक बारकावा: आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधलं ब्लूटूथचं बटण दाबून ॲपल वॉच तुटत नाही. हेडफोन वगैरे सुटतात, घड्याळ जोडलेलंच राहतं. खरोखर बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जावं लागतं. त्यामुळे "मी ब्लूटूथ बंद करून पाहिलं, काही फरक नाही" असं कुणी म्हणालं तर आधी हे विचारा की नेमकं कुठून बंद केलं.

जाहिरातीतल्या तासांचा अर्थही वाचून घ्यावा. ॲपल वॉच सीरीज ६ च्या सेल्युलर (म्हणजे एलटीई) मॉडेलचे ते प्रसिद्ध १८ तास मोजताना फक्त ४ तास एलटीईवर आणि १४ तास आयफोनला ब्लूटूथने जोडलेलं, असं धरलं आहे. म्हणजे फोन घरी ठेवून दिवसभर फिरलात तर १८ तासांची अपेक्षाच धरू नका. त्याच घड्याळाचा एलटीईवर थेट बोलण्याचा वेळ दीड तास दिला आहे. व्यायामाचे आकडेही बोलके: घरात ११ तास, बाहेर जीपीएससह ७, जीपीएस आणि एलटीई दोन्ही असतील तर ६.

ॲपल वॉचच्या प्रणालीत, वॉचओएस ९ पासून, लो पॉवर मोड आहे. त्यात ऑलवेज-ऑन डिस्प्ले आणि मागे चालणारं हृदयगतीचं मापन बंद होतं, आणि आयफोन जवळ नसेल तर वाय-फाय व सेल्युलरही बंद होतं. फोन विसरून बाहेर पडलात आणि संध्याकाळपर्यंत घड्याळ जिवंत हवं असेल तर हाच उपाय. घड्याळ आत्ता कुठल्या वाटेवर आहे ते कंट्रोल सेंटरमध्ये दिसतं: हिरवा फोन म्हणजे ब्लूटूथने आयफोनशी जोडलेलं. फोन खिशात आहे आणि तरी तो हिरवा फोन दिसत नसेल तर शोध तिथून सुरू करा.

---

चौथी_सीट

लोकलने जाणाऱ्यांसाठी आणि ऑफिसच्या वाय-फायबद्दल थोडं.

लॉगिन पान उघडणारं वाय-फाय घड्याळाला नकोच. ऑफिसचं पाहुण्यांचं नेटवर्क, हॉटेल, रेल्वे स्टेशनवरचं ओटीपी मागणारं वाय-फाय, सगळी एकाच प्रकारची. घड्याळ नेटवर्कला चिकटतं, पत्ता मिळतो, पण पान उघडून मोबाइल नंबर टाकायला ब्राउझर नसतो. इंटरनेट मिळत नाही, घड्याळ सोडून देतं, थोड्या वेळाने पुन्हा चिकटतं. फोनवर सेव्ह केलेली नेटवर्कं आपोआप घड्याळात उतरण्याची सोय बऱ्याच ब्रँडांत आहे, त्यामुळे तुम्ही घड्याळात कधी जोडलं नसलं तरी यादीत असू शकतं. वाय-फायच्या सेटिंगमध्ये सेव्ह केलेल्या नेटवर्कांची यादी उघडा आणि घर व विश्वासाची एक-दोन ठिकाणं सोडून बाकी सगळी 'फर्गेट' करा. जितकी नावं कमी तितका शोध कमी. ऑफिसच्या नेटवर्कला सर्टिफिकेट किंवा कंपनीचं प्रोफाइल लागत असेल तरी तोच नियम.

गर्दीच्या डब्यात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भरलेला असतो, शेकडो इअरबड्स, घड्याळं, फोन. ब्लूटूथ गर्दीचे चॅनेल टाळत उड्या मारतं, पण तरी काही पाकिटं पुन्हा पाठवावी लागतात. याहून मोठा अडथळा आपलं शरीर. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणूस बहुतांशी पाणी आहे. डाव्या मनगटावर घड्याळ आणि उजव्या मागच्या खिशात फोन म्हणजे मधे अख्खं धड आलं. घड्याळ ज्या हातात त्याच बाजूच्या पुढच्या खिशात फोन ठेवला तर जोडणी सुटण्याचं प्रमाण उघड कमी होतं. पाठीवरच्या सॅकमध्ये, लॅपटॉपच्या मागे ठेवलेला फोन सगळ्यात वाईट, लॅपटॉपचं धातूचं अंग आडवं येतं.

एलटीई घड्याळ असेल तर प्रवासात मोबाइल नेटवर्क 'नेहमी चालू' ठेवू नका. धावत्या गाडीत मोडेम एका टॉवरवरून दुसऱ्यावर सारखा हवाली होत असतो.

---

जास्वंद

मनापासून आभार. वाय-फाय ऑटो केलं, एलटीई बंद केलं, अ‍ॅपचं बॅटरी सेटिंग 'ऑप्टिमाइझ्ड' होतं ते 'अनिर्बंध' केलं. जुन्या नेटवर्कांची यादीही साफ केली.

दोन शंका. एक, घरी वाय-फायवर असतानाही बॅटरी ब्लूटूथपेक्षा जास्त जाणार ना? ते कमी करायला राउटरमध्ये काही करता येतं का? दुसरी, फरक पडला की नाही हे नीट कसं मोजायचं? टक्के बघून रोज वेगळंच वाटतं.

---

मिलीअँपिअर

हो, जाणार. पण एलटीईच्या मानाने फार कमी, आणि राउटरवर खरंच काही करता येतं.

राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी 'मी आहे' असा पुकारा करतो, त्याला बीकन म्हणतात. झोपलेल्या उपकरणांसाठी सगळ्यांना उद्देशून आलेली पाकिटं तो साठवून ठेवतो आणि ठरावीक बीकनला वाटतो. दर कितव्या बीकनला, ते डीटीआयएम हा आकडा ठरवतो. डीटीआयएम १ म्हणजे घड्याळाला सेकंदाला जवळपास १० वेळा कान टवकारावे लागतात. डीटीआयएम ३ म्हणजे दर ३०७ मिलिसेकंदांनी, सेकंदाला साधारण तीनदा. राउटरच्या पानावर लॉगिन करून वायरलेसच्या प्रगत सेटिंग्जमध्ये २.४ गिगाहर्ट्झखाली हा आकडा सापडेल. १ असेल तर ३ करून बघा. बीकनचं अंतर १०० च राहू द्या, त्याला हात लावला की जुनी उपकरणं जोडणी सोडायला लागतात. डीटीआयएमही १० वगैरे करू नका, टीव्हीवर कास्ट करताना किंवा प्रिंटर शोधताना उपकरणं सापडायला उशीर होतो. इंटरनेट कंपनीने दिलेल्या काही राउटरांत हा पर्यायच दिसत नाही. नसेल तर सोडून द्या.

घरात टीव्ही, स्पीकर, कॅमेरे, स्मार्ट प्लग बरेच असतील तर ते सतत 'कोण आहे, कोण आहे' अशी सर्वांना उद्देशून पाकिटं सोडत असतात आणि प्रत्येक पाकीट झोपलेल्या घड्याळाला उठवतं. राउटरचं गेस्ट नेटवर्क मुख्य नेटवर्कपासून वेगळं ठेवलेलं असेल तर घड्याळ तिथे जोडा. त्याला फक्त इंटरनेट हवंय, घरातल्या टीव्हीशी काही काम नाही. गेस्ट नेटवर्कवर लॉगिन पान मात्र नसावं, साधा पासवर्ड पुरे.

या सगळ्याहून सोपा उपाय: चार्जर हॉलमधून काढून घराच्या मध्यावर लावा. आरसीसीची एक भिंत ब्लूटूथ बहुतेक ओलांडतं. दोन भिंती आणि मधे फ्रिज किंवा लोखंडी कपाट असेल तर नाही. फोन असा ठेवा की तुमच्या नेहमीच्या जागांच्या आणि त्याच्यामध्ये एकापेक्षा जास्त भिंत येणार नाही. हे जमलं तर डीटीआयएमची गरजही पडणार नाही.

मोजणी रात्री करा. दिवसा स्क्रीन किती वेळा उजळली यावर सगळं हलतं. झोपताना बेडटाइम मोड लावा म्हणजे स्क्रीन उठणार नाही. घड्याळ मनगटावर ठेवायचं असेल तर रोज मनगटावर, काढून ठेवायचं असेल तर रोज काढून. हृदयगतीचा सेन्सर मधे यायला नको. रात्री ११ ला आणि सकाळी ६ ला टक्के लिहा. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि प्रत्येकाला निदान तीन रात्री द्या, कारण दर्शवलेले टक्के स्वतःच एखाद्या टक्क्याने पुढेमागे असतात.

आकड्याचं भाषांतर असं: ३६० एमएएचचा १ टक्का म्हणजे ३.६ एमएएच. ७ तासांत २ टक्क्यांचा फरक म्हणजे ७.२ एमएएच, म्हणजे साधारण १ मिलीअँपिअर. तुमची मूळ सरासरी ९ आहे हे लक्षात ठेवलं तर १ मिलीअँपिअर म्हणजे ४० तासांचे ३६ होणं. सिस्टिम अपडेट किंवा रीसेटनंतरचे पहिले दोन-तीन दिवस मोजू नका, अ‍ॅप्स मागे उतरत असतात. १०० टक्क्यांपासूनही मोजू नका. काही घड्याळं १०० वर जरा जास्तच रेंगाळतात. ८०-९० पासून सुरू करा.

एक चाचणी लगेच करता येईल. एका रात्री फोन उशीपाशी, दुसऱ्या रात्री हॉलमध्ये, बाकी सगळं तेच. दोन्हींतला फरक हा तुमच्या घरातल्या अंतराचा खर्च.

---

रीचार्ज_गल्ली

इथे बरेच वाचक 'ब्लूटूथ कॉलिंग'वाली दोन-तीन हजारांची घड्याळं वापरत असतील. त्यांचं गणित वेगळं आहे म्हणून लिहितो. या घड्याळांत बहुधा वाय-फाय नसतं, एलटीई नसतं. पण ब्लूटूथच्या दोन वेगळ्या जोडण्या असतात.

पहिली अ‍ॅपमधून होते: मेसेज, पावलं, हवामान. ही लो एनर्जी, स्वस्त. दुसरी फोनच्या ब्लूटूथ यादीतून होते, घड्याळाच्या नावापुढे बहुधा 'कॉल' किंवा 'ऑडिओ' असं काही असतं. ही जुन्या पद्धतीची ब्लूटूथ क्लासिक, आवाजासाठी. बॅटरी झपाट्याने जाते ती हिच्यामुळे. खोक्यावर '७ दिवस' मोठ्या अक्षरांत आणि 'कॉलिंगसह २ दिवस' बारीक अक्षरांत छापलेलं असतं, त्याचं कारण हेच.

कॉल घड्याळावर घेत नसाल तर घड्याळाच्या सेटिंग्जमध्ये कॉलिंगचा किंवा 'बीटी कॉल'चा पर्याय बंद करा. मेसेज चालूच राहतील, ते पहिल्या जोडणीवरून येतात.

कॉल हवेत पण गाणी घड्याळाच्या स्पीकरवर नकोत, तर फोनच्या ब्लूटूथ यादीत त्या नावापुढचं दातेरी चाक उघडा, 'मीडिया ऑडिओ' बंद करा, 'फोन कॉल्स' चालू ठेवा. नाहीतर रील उघडली की आवाज घड्याळातून येतो, आणि स्पीकर, अँप्लिफायर, रेडिओ तिन्ही एकदम चालतात.

फोन बदलला असेल तर जुन्या फोनच्या यादीतून घड्याळ 'अनपेअर' करा. कपाटातला जुना फोन चालू असेल तर तो कॉलची जोडणी पळवतो, मग नवा फोन ती मागतो, आणि दोघांत ओढाताण चालते. लक्षण सोपं: घड्याळावर जोडलं-तुटलं असा कंप दिवसातून अनेकदा येतो.

जोडणी बिघडली असेल तर नुसतं फोनच्या यादीतून काढून भागत नाही. क्रम असा: आधी अ‍ॅपमधून घड्याळ काढा, मग फोनच्या ब्लूटूथ यादीतून दोन्ही नावं काढा, घड्याळ रीसेट करा, फोन बंद-चालू करा, आणि जोडणी पुन्हा अ‍ॅपमधूनच करा. थेट फोनच्या यादीतून जोडलं तर फक्त आवाजाची बाजू जुळते, अ‍ॅपला घड्याळ सापडत नाही आणि ते शोधतच राहतं.

शाओमी, रेडमीच्या फोनवर बॅटरीच्या 'नो रिस्ट्रिक्शन्स'सोबत 'ऑटोस्टार्ट'ही वेगळं चालू करावं लागतं. एक केलं आणि दुसरं राहिलं तर फोन रीस्टार्ट केल्यावर अ‍ॅप उठत नाही.

---

पाऊलवाट

डोंगरात जाणाऱ्यांसाठी. हरिश्चंद्रगड, राजगड, तोरणा अशा ठिकाणी दरीत उतरलं की नेटवर्क जातं-येतं. फोन आणि एलटीई घड्याळ दोन्ही टॉवर शोधत बसतात आणि शोधतानाच सर्वाधिक खातात. पायथ्याचं गाव सोडतानाच घड्याळाचं मोबाइल नेटवर्क आणि वाय-फाय बंद करा. फोनला विमान मोड लावून त्यावर ब्लूटूथ पुन्हा चालू केलं की ट्रॅकिंगचं अ‍ॅप चालतं आणि फोनचीही बॅटरी टिकते. अडचण आली तर विमान मोड काढून ११२ हा आपत्कालीन नंबर लावता येतो. माथ्यावर किंवा धारेवर रेंज मिळण्याची शक्यता दरीपेक्षा जास्त. सोबतच्या सगळ्यांनी एकदम विमान मोड लावू नये, एकाचा फोन चालू राहू द्या.

जीपीएसबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. तो काही प्रक्षेपित करत नाही, फक्त ऐकतो. पण ऐकून गणित करणं दर सेकंदाला चालतं म्हणून खर्च आहे. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. घड्याळाकडे ती आधीच असेल तर काही सेकंदांत जागा सापडते, नसेल तर मोकळ्या आभाळाखालीही अर्धा मिनिट किंवा जास्त, आणि झाडीत किंवा कड्याखाली कितीतरी अधिक. ही माहिती घड्याळ फोनवरून किंवा वाय-फायवरून आगाऊ उतरवतं. म्हणून निघायच्या आधी घरी एकदा पूर्ण सिंक करा आणि रेडिओ त्यानंतर बंद करा. आधीच सगळं बंद करून गेलात तर बॅटरी उपग्रह शोधण्यात जाईल.

खर्च कशाचा किती हे गार्मिनच्या फोररनर २५५ म्युझिकच्या दिलेल्या आकड्यांवरून छान कळतं: घड्याळ म्हणून १४ दिवस, फक्त जीपीएसवर ३० तास, सगळ्या उपग्रहयंत्रणा आणि दुहेरी बँडवर (उपग्रहाचे दोन फ्रिक्वेन्सींवरचे सिग्नल एकदम ऐकणं) १६ तास, आणि त्यावर ब्लूटूथ हेडफोनने गाणी लावली तर ६.५ तास. गाण्यांनी अर्ध्याहून अधिक वेळ खाल्ला. ट्रेकवर गाणी ऐकायचीच असतील तर फोनवरून ऐका, घड्याळावरून नको. उघड्या पठारावर दुहेरी बँडची गरज नसते. कड्याखालून, घळीतून वाट असेल तर मात्र तो ठेवा, नाहीतर रेकॉर्ड झालेली वाट दरीतून उडत गेलेली दिसते.

गार्मिनवाल्यांनी 'ब्रॉडकास्ट हार्ट रेट' चालू राहिलंय का तेही पाहावं. सायकलच्या मीटरसाठी चालू केलेलं हे सेटिंग दिवसभर हृदयगती हवेत सोडत राहतं.

---

जास्वंद

फोन मधल्या पॅसेजमध्ये आणला. आता स्वयंपाकघरातही घड्याळावर तुटल्याचं चिन्ह येत नाही. मोजणी सुरू केली आहे.

एक शेवटचं: रात्री घड्याळाला विमान मोड लावला तर सकाळचा अलार्म वाजेल ना? आणि झोपेची नोंद?

---

मिलीअँपिअर

अलार्म घड्याळातच लावलेला असेल तर वाजेल, त्याला फोन लागत नाही. फोनवर लावलेला आणि घड्याळावर फक्त कंप होणारा अलार्म असेल तर घड्याळ गप्प राहील, म्हणून घड्याळाच्या अलार्म अ‍ॅपमध्ये वेगळा लावा. झोप, हृदयगती, ऑक्सिजन सगळं घड्याळात साठतं आणि सकाळी जोडणी झाली की फोनवर उतरतं. त्या वेळी पाच-दहा मिनिटं सिंक जोरात चालतं, तेव्हाचे टक्के मोजणीत धरू नका. विमान मोड काढायच्या आधी आकडा लिहा.

ॲपल वॉचवर विमान मोड लावला तरी ब्लूटूथ मुळात चालूच राहतं, फक्त वाय-फाय आणि सेल्युलर जातं. वेअर ओएसवर बहुधा ब्लूटूथही जातं, पण लावल्यावर क्विक पॅनल उघडून एकदा बघून घ्या.

मात्र फोन उशाशी असेल तर विमान मोडने रात्रीत जेमतेम टक्का-दोन टक्के वाचतील. घरात वयस्कर मंडळी असतील आणि रात्रीचा फोन मनगटावर कळणं गरजेचं असेल तर ब्लूटूथ चालू ठेवा, वाय-फाय ऑटो, एलटीई बंद. फोनवर डू नॉट डिस्टर्बमध्ये फक्त घरच्यांच्या नंबरांना परवानगी द्या, तेवढेच कॉल घड्याळापर्यंत येतील.